पाषाणीचे हळदीकुंकू

आमच्या घरात सकाळचे ऊन थेट येत नाही. ते आधी समोरच्या इमारतीच्या फिक्या पिवळ्या भिंतीवर पडते, तिथे थोडा वेळ रेंगाळते, त्या भिंतीचा रंग अंगाला लावून घेते आणि मग रस्ता ओलांडून आमच्या बैठकीच्या खोलीत शिरते. त्यामुळे भोपाळच्या इंद्रपुरीतल्या आमच्या या दुसऱ्या मजल्यावर सकाळ कधी लख्ख नसते. ती पुष्कळदा धुतलेल्या सुती पातळासारखी मऊ असते. चैत्रात ती प्रथम छताच्या कडेला लागते. मग पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसू लागते. वर्षभर कोणी न पुसलेली, पण त्या उजेडात काहीशी राजस वाटणारी. मग प्रकाश खिडकीत नुकत्याच बसवलेल्या कूलरच्या वाळ्यापाशी अडतो. तिथून तो गाळला जाऊन फरशीवर उतरतो आणि मोझेकमधले काळे, पांढरे, विटकरी खडे एकेक करून वर येऊ लागतात. तळ्याचे पाणी ओसरताना तळ दिसावा तसे. स्वयंपाकघरात वहिनी कुकर लावते, तेव्हा तो जेवणाच्या टेबलाच्या पायांपर्यंत पोचलेला असतो. टेबलावर चढायला त्याला आणखी पुष्कळ वेळ लागतो. घाई नसलेल्या माणसाने जिना चढावा तसा तो चढतो, आणि शेवटी टेबलाच्या मधोमध येऊन बसतो.

हे सारे मी फक्त रविवारी पाहतो. एरवी या वेळी मी गोविंदपुऱ्याच्या वाटेवर असतो. तिथल्या एका लहान कारखान्यात मी यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाचित्रे काढतो. बोलण्याची गरज कमी पडते, म्हणून ते काम मला आवडते.

त्या टेबलाभोवती पूर्वी दर रविवारी आम्ही चौघे बसत असू: विक्रांत, मृणाल, अमित आणि मी. आमचा खेळ गोष्टीचा होता. एकाने सूत्रधार व्हायचे आणि जग सांगायचे: इथे नदी आहे, पलीकडे डोंगर आहे, झाडीत काहीतरी हलते आहे. बाकीच्यांनी त्या जगातली माणसे व्हायचे आणि आपण काय करतो ते सांगायचे. बेत साधेल की फसेल हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. सूत्रधार मी असे. चारचौघांत स्वतःचे नाव सांगताना अडखळणारा मी त्या टेबलाशी राजांच्या, चोरांच्या, म्हाताऱ्या कासवांच्या आवाजात तासन्‌तास बोलत असे.

मग विक्रांत पुण्याला गेला, मृणाल बंगळुरूला, अमित आधी नोएडाला आणि तिथून आणखी कुठे. आमची गोष्ट एका डोंगरातल्या दारापाशी थांबली होती. दारात पाषाणी नावाची दगडी द्वाररक्षिका बसलेली होती आणि तिच्यापुढे तिघांचीही शस्त्रे मोडली होती. दाराआड काय आहे ते मला ठाऊक होते. ते मी कोणालाही सांगितले नव्हते. दिवाळीला सगळे भोपाळला आलो की पुढे खेळू, असे ठरले होते. पुढच्या दिवाळीलाही तेच ठरले. मी रविवार मोकळा ठेवत राहिलो.

यंदाच्या चैत्रात वहिनीने तो मोकळा रविवार हेरला.

"भाऊजी, चैत्रभर दर रविवारी दोन तास पोरांकडे बघाल? महिला मंडळाच्या हळदीकुंकवांचं डाळ-पन्हं आमच्याकडे आलंय यंदा. हरभरे निवडायचेत, कैऱ्या किसायच्यात, आणि तुमचे दादा रविवारीसुद्धा मंडीदीपला कामावर. फक्त एक, मोबाइल द्यायचा नाही."

"मग काय देऊ?"

"ते तुम्ही बघा. तुमचा तो फाश्यांचा डबा आहे ना, धूळ खातोय नुसता."

पोरे तीन होती. माझी पुतणी स्वरदा, सात वर्षांची, उत्तर ऐकतानाच पुढचा प्रश्न जुळवणारी. खालच्या मजल्यावरचा हर्षल, तिच्याहून थोडा मोठा, अर्धे वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा. आणि त्याचा धाकटा भाऊ आशय, ज्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते.

मी डबा उघडला. टेबलावर आलेल्या उजेडात फासे घरंगळले. तिघेही टेबलावर ओणवे झाले.

"या गोष्टीत तुम्ही कोण व्हाल?" मी विचारले.

"मी वैद्य," स्वरदा म्हणाली. "माणसांची आणि जनावरांची. आणि मला जनावरांची भाषा येते."

"मैं निन्जा," हर्षल म्हणाला.

"आणि तू, आशय?"

"कुत्रा."

"अरे, माणूस हो ना," हर्षल कळवळला. "कुत्ता क्या करेगा लड़ाई में?"

"मी कुत्राच. माझं नाव बिस्किट."

बिस्किटचे नाव मी कागदावर लिहिले आणि एकच नियम सांगितला. "जिथे होईल की नाही अशी शंका आहे, तिथेच फासा टाकायचा. ज्यात शंकाच नाही, त्याला फासा नाही."

"म्हणजे मी खुर्चीवरून उठलो तर?" हर्षलने तपासून पाहिले.

"फासा नाही."

"खुर्चीवरून उडी मारून पंख्याला लटकलो तर?"

"तर वहिनी येईल," मी म्हणालो, आणि तिघे इतके हसले की मीही थोडा चकित झालो. माझ्या बोलण्यावर कोणी हसावे याची सवय सुटली होती.

त्यांच्यासाठी मी एक छोटी गोष्ट योजली होती. गावातली बकरी हरवली आहे, ती शोधायची. मला वाटले होते, बकरी दोन रविवार पुरेल. बिस्किटने तिचा वास काढला, स्वरदाने तिला विचारले की तू का पळालीस, बकरी म्हणाली की मला कोणी नावाने हाक मारत नाही. स्वरदाने तिचे नाव शिल्पा ठेवले. शाळेतल्या बाईंचे आहे, म्हणाली. बकरी घरी परतली. चहा होण्याआधी माझी गोष्ट संपली होती.

"त्या डोंगरावर काय आहे?" स्वरदाने विचारले.

चूक माझी होती. गाव सांगताना जुन्या सवयीने मी मागचा डोंगरही सांगून गेलो होतो. निराळे जग रचण्याचे कष्ट न घेता मी मुलांना आमच्याच जगात आणून सोडले होते, आणि मुलांना बंद वाटेचा वास बिस्किटपेक्षा लवकर लागतो.

"काही नाही. नुसते दगड."

"चलो, दगड बघू."

"वाटेत नदी आहे. पूल पडला आहे. पाण्यात मगरी आहेत."

स्वरदाने मगरींना विचारले की तुम्ही ओळीने उभ्या राहाल का. फाश्यावर एकोणीस पडले. मगरी राहिल्या.

मी दाट धुके आणले. बिस्किट नाक जमिनीला लावून पुढे निघाला आणि आशयही खरोखरच टेबलाखाली शिरला. मी रात्र केली. ते झोपले आणि उठले. शेवटी माझ्याजवळ काहीच उरले नाही, तेव्हा मी म्हणालो, "डोंगर आज बंद आहे."

"बंद?" हर्षल उसळला. "म्यूझियम है क्या, सोमवारी बंद असायला?"

स्वयंपाकघरातून वहिनीचा हसू दाबल्याचा आवाज आला. मला वाट द्यावी लागली. पुढच्या रविवारी, कडे चढून, खारींकडून रस्ता विचारत, ते तिघे दारापाशी पोचले.

मी दाराचे वर्णन केले. करताना माझा आवाज खाली गेला. काळ्या दगडाची उंच चौकट. तिच्यापुढे दाराकडे पाठ करून बसलेली पाषाणी. मांडीवर आडवी तलवार. पापण्यांवर धुळीचा थर.

"आता पुढे?" तिघे एका सुरात.

"आता खेळ थांबला."

"काकाऽऽ!"

"पुढच्या रविवारी. माझे दोस्त हिच्याशी लढले, तेही इथेच थांबले."

त्यांचा राग मी ऐकून घेतला. ते दार त्यांचे नव्हते. ते विक्रांतचे होते, मृणालचे होते, अमितचे होते. त्यांनी त्याच्यासाठी ढाली गमावल्या होत्या. ते परततील तेव्हा गोष्ट तिथूनच सुरू व्हायची होती. आज मुलांना दार उघडून दिले, तर मोठ्यांसाठी माझ्यापाशी काय उरणार होते?

आठवड्याच्या मध्यात मी आमच्या गटावर लिहिले: 'पाषाणीच्या दाराविषयी तुमची परवानगी हवी आहे.' अमितने अंगठा पाठवला. मृणालने वाचले. मी विक्रांतला फोन केला. फोन करण्याआधी वाक्ये मनात जुळवावी लागली. पूर्वी त्याच्याशी बोलायला तसे करावे लागत नसे.

"बोला, सूत्रधार!" तो आनंदाने ओरडला. "काय म्हणतं भोपाळ?"

"मुलांना खेळवतो आहे रविवारी. ती दारापर्यंत आली आहेत."

"मस्त! कुठल्या दारापर्यंत?"

"पाषाणीच्या."

मागे कोणाची तरी मीटिंग चालू होती. "थांब हां, पाषाणी म्हणजे… ती पुलाखालची?"

"डोंगरातली. तुझा भाला मोडला होता."

"हो का? अरे, काय काय लक्षात ठेवतोस तू, यार! दे ना मग उघडून. मला काय विचारतोस? ऐक, मी रात्री करतो फोन, सावकाश बोलू. आणि दिवाळीला नक्की खेळू."

रात्री फोन आला नाही. मी स्वतःला समजावले की तो कामात आहे आणि कामात असलेल्या माणसाला भाला आठवत नसतो. दिवाळीला नक्की, असे तो आपणहून म्हणाला होता. म्हणजे दार राखून ठेवणे योग्यच होते. मी ठरवले की रविवारी पाषाणी मुलांना मागे परतवील; घाबरवणार नाही, पण परतवील.

त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या वैजयंतीकाकूंकडे हळदीकुंकू झाले. वैजयंतीकाकू आमच्या इमारतीच्या फाटकालगत राहतात आणि त्यांच्या अंगणात पडलेला चेंडू परत जात नाही, अशी त्यांची ख्याती. हर्षलचे दोन चेंडू फाल्गुनापासून त्यांच्या ताब्यात होते. वहिनी स्वरदाला घेऊन गेली. हर्षल-आशयही आपल्या आईमागून कैरीच्या डाळीच्या लोभाने गेले. परतताना हर्षलच्या दोन्ही हातांत चेंडू होते आणि चेहऱ्यावर अविश्वास.

"मागितले का तुम्ही?" मी जिन्यात विचारले.

"नहीं ना, काका! आम्ही नुसते बसलो. पन्हं प्यायलो. काकूंचे गुडघे दुखतात, तर आशयने त्यांना पाट आणून दिला. मग त्या खुद उठ के चेंडू घेऊन आल्या!"

मी ते ऐकले आणि विसरून गेलो. मुले विसरली नव्हती.

रविवारी टेबलावर उजेड यायच्या आधीच तिघे हजर होते. स्वयंपाकघरात वहिनीने हरभरे उपसले होते. ओल्या डाळीचा आणि कैरीचा वास घरभर होता.

"पाषाणी डोळे उघडते," मी दगडी आवाजात म्हणालो. "ती विचारते, कोण आहे?"

हर्षलने तलवार काढली नाही. त्याने स्वरदाकडे पाहिले. ते खालून ठरवूनच आले होते.

"आम्ही आहोत," स्वरदा म्हणाली. "शेजारचे. चैत्र आहे ना, म्हणून हळदीकुंकवाला आलोय."

पाषाणीवर धावून येणाऱ्या शंभर हल्ल्यांची उत्तरे माझ्यापाशी होती; हळदीकुंकवाचे नव्हते.

"लेकिन," हर्षलला शंका आली, "ती एकटी आहे. एकट्या बायकांना चालतं का?"

"चालतं!" स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. "आमच्या मंडळात सगळ्यांना लावतात. तिलाही लाव."

"आधी तिच्या डोळ्यांवरची धूळ पुसते," स्वरदा सांगू लागली. तिचा हात हवेत खरोखर हलत होता. "मग हळद. मग कुंकू. मग अत्तर. हर्षल, गुलाबपाणी."

"मी निन्जा आहे," हर्षल पुटपुटला, पण गुलाबपाणी शिंपडले.

"ओटीत हरभरे. आणि पन्हं. किती वर्षं बसलीय ती उन्हात, तिला कोणी पाणी विचारलं का?"

प्रश्न मला होता. तिला कोणी पाणी विचारले नव्हते. मीच तिला घडवले होते आणि मीही विचारले नव्हते.

"आणि बिस्किट?" मी म्हणालो.

"बिस्किट तिच्या पायावर डोकं ठेवून झोपतो," आशय म्हणाला.

मला दार राखायचे होते. म्हणून मी म्हणालो, "ठीक. ती हे स्वीकारते की नाही, ते फासा ठरवील. अठरा किंवा जास्त."

आशयने दोन्ही हातांत फासा खुळखुळवला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. फासा टेबलावरून उडाला, फरशीवर टणटणत गेला आणि कूलरखाली शिरला. तिघे पालथे पडले.

"चार," हर्षल तिथूनच म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

मला सुटल्यासारखे वाटले. खरेच वाटले, ते मी लपवणार नाही. पाषाणी मान हलवील, मुले परत जातील, दार जसेच्या तसे राहील. मी तोंड उघडले.

"पण काका," स्वरदा कूलरपाशी बसूनच म्हणाली. तिच्या कोपराला धूळ लागली होती. "तुम्ही म्हणाला होतात, शंका असेल तिथेच फासा."

"हो. मग?"

"यात कसली शंका? पाणी दिलं तर कोण नको म्हणतं? आशयने पाट दिला तर वैजयंतीकाकूसुद्धा नको म्हणाल्या नाहीत!"

"हां!" हर्षल ताडकन उभा राहिला. "ये तो चीटिंग आहे काका! हा फासा टाकायचाच नव्हता. नियम तुमचाच आहे!"

आशय तोवर टेबलाखाली परत आला होता. तो पुन्हा बिस्किट होता आणि पायाशी झोपला होता. खरोखर, माझ्या पावलावर त्याचे डोके होते आणि ते ऊबदार होते.

मी पाषाणीकडे पाहिले. ती कुठेही नव्हती, तरी मी पाहिले. कपाळाला हळदकुंकू, ओटीत हरभरे, हातात पन्ह्याचा पेला. अशी बाई तलवार कशी उचलील? ती नको म्हणणार नव्हती. नको म्हणत होतो तो मी, आणि त्यासाठी फासा पुढे केला होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "यात शंका नाही." आणि फासा डब्यात टाकला.

"पाषाणी पन्हे पिते. पेला खाली ठेवते. तलवार बाजूला ठेवून उभी राहते. तिच्या गुडघ्यांचा आवाज डोंगरभर घुमतो. आणि ती दार उघडते."

त्या तिघांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून वहिनी पिठाच्या हातांनी धावत आली. "काय झालं?"

"उघडलं!" आशय टेबलाखालून ओरडला.

"काय उघडलं?"

"आई, बस ना, ऐक! काका, आत काय आहे?"

मग मी सांगितले. इतकी वर्षे एकट्याने जपलेले मी एका दमात सांगत सुटलो. डोंगराच्या पोटात एक तळे आहे. त्याच्या पाण्यात वाटेत हरवलेली प्रत्येक वस्तू तरंगत येते. मोडलेली ढाल, बुडालेली होडी, विसरलेली गाणी. छत चांदण्यासारखे चमकते, कारण ते निजलेल्या काजव्यांचे आहे आणि कोणी हसले की ते जागे होतात. वहिनी खुर्चीच्या पाठीला टेकून ऐकत होती. पीठ तिच्या बोटांवर वाळत होते. हर्षलने लगेच तळ्यात सूर मारला आणि विचारले की इथे चेंडूपण येतात का. मी म्हणालो, फाल्गुनापासूनचे सगळे. तो वेडापिसा झाला. स्वरदा दोन काजव्यांशी त्यांच्या भाषेत बोलली आणि ती भाषा आम्हा सर्वांना शिकवण्याचा तिने आग्रह धरला. वहिनीसुद्धा 'झुंऽऽ' म्हणाली. मीही म्हणालो.

मग स्वरदा थबकली.

"पाषाणी कुठाय?"

"ती दाराबाहेरच आहे. तिचे काम दार राखण्याचे आहे."

"म्हणजे तिने आतलं कधीच पाहिलं नाही?"

मी हे ठरवले नव्हते. पण ती दाराकडे पाठ करून बसलेली होती, नेहमीच.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

"मग चल म्हणावं तिला! बिस्किट, जा!"

बिस्किट गेला. आशय टेबलाखालून रांगत निघाला, बैठकीच्या दारापर्यंत गेला आणि कोणाचा तरी पदर तोंडात धरल्यासारखा मान मागे टाकत उलटा येऊ लागला. वहिनी इतकी हसली की तिला डोळे मनगटाने पुसावे लागले. मी पाषाणीच्या आवाजात काय म्हणालो ते मला आठवत नाही. ती बराच वेळ काठावर उभी राहिली आणि नंतर तिने पाय पाण्यात सोडले, एवढे आठवते. सगळे काजवे जागे होते.

त्यानंतर वाटीवाटीने कैरीची डाळ आली. तिघे टेबलाशी बसून ती खात होते आणि पुढच्या रविवारी तळ्यापलीकडे काय असेल यावर भांडत होते. पलीकडे काय आहे ते मलाही ठाऊक नव्हते. तेवढ्यात हर्षलने चमचा थांबवला.

"काका, तुम्ही म्हणाला होतात ना, तुमचे दोस्त पाषाणीशी लढले होते? ते आले की त्यांना परत लढायला लागेल?"

"तू कशाला चिंता करतोस?" स्वरदा म्हणाली. "आपण सांगू त्यांना, हळदीकुंकू करा म्हणून. कधी येणार ते, काका? दिवाळीला?"

'हो, दिवाळीला' हे माझ्या ओठांवर आले होते. ते नेहमीच येत असे. तिघेही माझ्याकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणालो. "ते आता खेळायला येणार नाहीत."